साकिन काचीगुडा

काचीगुडा, हैदराबाद (दक्षिण)
ता. २२ जुलै १९५२

चि. प्रमिला हिला दादाचे अनेक आशीर्वाद.

पत्रावर तुझ्या नावाआधी काय लिहायचं, हे दोन वर्षं झाली तरी मला जमत नाही. हाताला 'सौ.' लिहायची सवय. गणेशराव गेल्यानंतर जे लिहायचा रिवाज आहे, ते माझ्याने लिहवत नाही. तेव्हा आपलं 'चि.' बरं. तू चाळिशीला टेकलीस तरी माझ्या लेखी फ्रॉकातच आहेस.

आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा पावसाची वर्दी वेधशाळेआधी देतो. श्रावण तोंडावर आला आहे, त्यामुळे घरात धुणंपुसणं चालू आहे आणि मी कुठेही बसलो तरी मला उठवलं जातं. दफ्तरात साहेब बदलले, फायली त्याच आहेत. पूर्वी उर्दूत चुका काढत, आता इंग्रजीत काढतात.

तुझं पत्र आणि भारतीचा अर्ज दोन्ही पोचलं. तुझ्या पोरीचं नाव निवडीच्या यादीत आलं हे वाचून वहिनीने देवापुढे साखर ठेवली आणि मग ती साखर मलाच चहात घातली. सरकारी शाळेत मास्तरीण, तीही एकोणिसाव्या वर्षी! आपल्या घराण्यात बाईमाणसाने पगार आणल्याचं मला तरी आठवत नाही.

दाखल्याचं समजलं. मुलकी दाखला म्हणजे या मुलखात पंधरा वर्षं राहिल्याचा कागद. तो असेल तर नेमणूक, नसेल तर यादीतलं नाव पुसून पुढचं नाव. मुदत दिवाळीपर्यंत आहे. तू लिहितेस, 'लग्न झाल्यापासून, म्हणजे एकतीस सालापासून, आम्ही तुझ्याच घरी होतो. सत्तेचाळीस साली यांच्यावर वॉरंट निघालं म्हणून रातोरात सोलापूर गाठावं लागलं, एवढाच काय तो खंड. दादा, तू घरधनी. तुझी एक सही झाली की काम झालं.' आणि खाली लिहिलंस, 'इथे दिरांकडे मी पाहुणी आहे. पाहुणीला कोणी वाईट बोलत नाही, पण तिने बाहेरून आल्यावर स्वतःच्या हाताने पाणी घेतलं तरी सगळे वळून बघतात.' हे वाक्य मी दोनदा वाचलं.

सहीचं पाहतो. दिवाळीला अजून अवकाश आहे.

आता एक गंमत सांगतो. शनिवारी वहिनीला घेऊन कोठीवर गेलो होतो. रेसिडेन्सीत आता मुलींचं कॉलेज आहे ना, ते तिला बघायचं होतं. अण्णांनी तिथे बावीस वर्षं नक्कलनविशी केली. साहेबाच्या कागदांच्या प्रती काढून काढून त्यांचं मधलं बोट वाकडं झालं होतं, तुला आठवत असेल. पण समोरच्या त्या रुंद पायऱ्या ते एकदाही चढले नाहीत. नोकरांनी मागच्या दाराने यायचं असा दंडक होता. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांना विचारलं होतं, रेसिडेन्सी म्हणजे काय हो? म्हणाले, राहण्याची जागा. मग तिथे कोण राहतं? म्हणाले, रेसिडेंट, म्हणजे राहणारा. तो कुठला? विलायतेचा. मला हे काही केल्या पटेना. उन्हाळा आला की तो साहेब बोलारमला जायचा, तीन-चार वर्षं झाली की कायमचा जायचा, आणि दुसरा यायचा. जो मुळी राहायला आलाच नव्हता त्याचं नाव राहणारा, आणि त्याच्या घराचं नाव राहण्याची जागा. समोरच्या बाजारालाही तेच नाव होतं. तिथला भाजीवालासुद्धा ऐटीत सांगायचा, "हम रेसिडेन्सी के हैं." नंतर त्या बाजाराचं सुलतान बाजार झालं, तरी म्हातारी माणसं अजून जुनंच नाव घेतात.

आता गोरा गेला. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना दगडी सिंह तसेच बसलेले आहेत, आणि मधून वेण्या घातलेल्या पोरी वह्या छातीशी धरून धडाधड चढतात. वहिनीने गुडघ्याचा विचार न करता पायऱ्या चढायला सुरुवात केली. वर गेल्यावर शेवटच्या पायरीवर बसली. एका मुलीने विचारलं, आजी, कुणाला भेटायचंय? तर म्हणाली, "कुणाला नाही बाई. आमच्या मामंजींचं राहून गेलं होतं, ते चढून घेतलं."

भारतीला सांग, आली की तिला घेऊन पुन्हा जाऊ. ती चढेल, आम्ही खाली उभे राहून बघू.

खोकला कसा आहे ते कळव. दिरांना नमस्कार.

तुझा
दादा

---

काचीगुडा
ता. १२ सप्टेंबर १९५२

चि. प्रमिला हिला अनेक आशीर्वाद.

तुझी तीन कार्डं आली आणि माझं एकही गेलं नाही, याबद्दल राग धरू नकोस. इथे दंगल झाली हे वर्तमानपत्रात वाचलं असशील. मुलकी-गैरमुलकीचं भांडण रस्त्यावर आलं. बाहेरून आलेल्यांनी नोकऱ्या बळकावल्या म्हणून पोरं घोषणा देत निघाली. सिटी कॉलेजाकडे गोळीबार झाला. चार दिवस संचारबंदी होती. आता निवळलं आहे. आमच्या गल्लीत काही झालं नाही. शेजारचे नामदेवराव रोज सकाळी नळावर येऊन देशाची स्थिती समजावून सांगतात. ऐकणारा कोणी नसला तर नळाला सांगतात.

पण या दंगलीने आपलं काम अवघड केलं आहे. मी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात भारतीच्या अर्जावर सही करून तो कलेक्टर कचेरीत दाखल केला होता. आता प्रत्येक दाखला चाळणीतून जातो. काल मला बोलावणं आलं. अर्जावर हरकत निघाली आहे.

हरकत अशी. गणेशरावांच्या नावाची एक जुनी फाईल निघाली, पोलीस कारवाईच्या आधीची. तिच्यात अठ्ठेचाळीस सालचा कुणाचा तरी जबाब आहे. त्यात लिहिलं आहे की गणेशराव मोहोळकर आणि त्यांचं कुटुंब यांनी हा मुलूख कायमचा सोडला, परत येण्याचा त्यांचा इरादा नाही, आणि काचीगुड्याच्या घरी त्यांची सकूनत कधीच नव्हती. सकूनत म्हणजे राहणं, वास्तव्य. ते पाहुणे म्हणून येत-जात, असं म्हटलं आहे. कचेरीचं म्हणणं, हा जबाब खरा असेल तर पंधरा वर्षं भरत नाहीत, अर्ज फेटाळावा लागेल. जबाब कुणाचा हे काही मला कळू दिलं नाही.

तू घाबरू नकोस. एक तोड निघण्यासारखी आहे. तिथल्या जुन्या कागदांच्या खोलीवर दस्तगीरसाहेब आहेत. तुला आठवतील. हडकुळे, मेंदी लावलेली दाढी, ईदला आपल्याकडे शीरखुर्मा पाठवायचे आणि तुझ्या बाळ्यासाठी वेगळी वाटी काजूची. त्यांनी मला खोलीत बसवून चहा दिला. म्हणाले, "भगवंतराव साब, पुरानी फाइल है. दीमक लग गई बोल के लिख देता मैं. कागज नहीं तो हरकत नहीं." मी विचार करून सांगतो म्हटलं. चार दिवसांत काय ते ठरवतो.

त्यांनाही या दिवसांत कुणीतरी विचारलं म्हणे, तुम्ही कुठले. सांगत होते, "चार पुश्तें यहीं दफन हैं साब. उनको उठा के गवाही दिलाऊँ क्या?" हसून म्हणाले, आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला.

वहिनी म्हणते, भारतीला कळवा, पेटी भरून ठेव. मी म्हटलं, एवढ्यात नको.

पितृपक्ष चालू आहे. गणेशरावांचं पान इथेही मांडलं.

तुझा
दादा

---

काचीगुडा
ता. ७ ऑक्टोबर १९५२

प्रमिला,

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. तू विचारलंस, 'तो जबाब कुणी दिला त्याचं नाव कळव. मला वाटतं हे नामदेवरावांचंच काम. नळावरून यांच्याशी त्यांचा दावा होता. दादा, तू त्यांच्याशी बोलणं सोड. ज्याने हे लिहून दिलं त्याच्या दारचं पाणी मी जन्मात पिणार नाही.'

नाव कळवतो. जबाब मी दिला.

कचेरीत मला नाव कळू दिलं नाही असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते खोटं होतं. मला न कळायला काय झालं? खाली माझीच सही आहे.

आता क्रमाने सांगतो. तुम्ही गेलात सत्तेचाळीसच्या नोव्हेंबरात. त्यानंतर कोतवालीतले अमीन तीनदा घरी आले. गणेशराव कुठे आहेत, पैसे कोण पाठवतं, पत्रकं कुठे छापतात, असं विचारायचे. तिसऱ्या खेपेला त्यांनी वहिनीच्या स्वयंपाकघरातले डबे उपडे केले. पलीकडच्या आळीत एका वकिलाच्या घराला सरकारी मोहर लागली आणि त्यांची माणसं देवळात जाऊन राहिली. फेब्रुवारीत दफ्तरातून मला लेखी विचारणा झाली. तुमच्या घरी राहणारा इसम स्टेट काँग्रेसचा आहे, तुमचा त्याच्याशी संबंध काय, खुलासा जबाबाने द्यावा. मी रात्रंदिवस घाबरलेला होतो, प्रमिला. भरल्या ताटावरून उठायचो आणि वहिनीला सांगायचो, वांगं बाधलं.

तालुकदार कचेरीत, म्हणजे आताच्या कलेक्टर कचेरीतच, जबाब लिहून घ्यायला दस्तगीरसाहेबच होते. आपल्या इकडची पद्धत तुला ठाऊक आहे. माणूस बोलतो, मुहर्रिर लिहितो, मग लिहिलेलं सगळं मोठ्याने वाचून दाखवतो. माणसाने 'दुरुस्त', म्हणजे बरोबर, म्हटलं की खाली लिहितात, वाचून दाखवलं, ऐकलं, दुरुस्त आहे. त्याशिवाय सही घेत नाहीत. तुम्ही मुलूख सोडला एवढं सांगितलं असतं तरी माझी सुटका झाली असती. ते खरंही होतं. पण भीती एकदा बोलायला लागली की गरजेपेक्षा जास्त बोलते. मी म्हणालो, ते माझ्या घरी कधी राहतच नव्हते. दस्तगीरसाहेबांनी टाक खाली ठेवला. त्यांनी याच घरात तुझ्या हातचा चहा कितीदा घेतला होता! हळूच म्हणाले, "सोच लो साब. राज जाता, कागज रहता." मी म्हटलं, लिहा. त्यांनी लिहिलं, आणि रिवाजाप्रमाणे मोठ्याने वाचलं. 'उनकी सकूनत मेरे मकान में कभी नहीं रही. बतौर मेहमान आते जाते थे.' मी म्हणालो, दुरुस्त.

सोळा वर्षं, प्रमिला. तू अण्णांची अर्धांगाची चार वर्षं काढलीस. भारती माजघरात जन्मली. बाळ्या तिथेच जन्मला आणि तिथेच गेला. आणि मी म्हणालो, पाहुणे.

पुढे राज्य बदललं. मला वाटलं, तो कागद कुठल्या तरी गठ्ठ्यात कुजला असेल. म्हणून ऑगस्टमध्ये भारतीच्या अर्जावर बेलाशक सही केली. 'अर्जदार व तिचे आईवडील सोळा वर्षे माझ्या घरी राहत होते.' एकाच कचेरीत, एकाच माणसाची, दोन टोकांची दोन निवेदनं. हरकत निघाली नसती तरच नवल. म्हणजे पोरीच्या वाटेत जो धोंडा आला तो मीच ठेवलेला, आणि तो उचलायला तू मलाच सांगत होतीस.

वाळवीचा विचार मी केला. तुला सोवळेपणाने सांगत नाही, चांगला आठ दिवस केला. कागद गेला असता, दाखला मिळाला असता, तुला जन्मात काही कळलं नसतं, आणि दिवाळीला तू मला ओवाळलं असतंस. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. दोन गोष्टी आड आल्या. एक म्हणजे दस्तगीरसाहेब. त्यांच्या खोलीतून आज एक कागद हरवला तर त्यांना कोण सोडील? त्यांच्या नोकरीवर आधीच डोळे आहेत. एकदा त्यांच्या हाताने माझं खोटं लिहवून घेतलं, आता त्यांच्याच हाताने ते पुसायला लावायचं, हे काही बरं दिसेना. दुसरी म्हणजे तुझं पत्र. नामदेवरावांचं नाव वाचून मला आधी सुटल्यासारखं वाटलं, हे लिहिताना लाज वाटते. दसऱ्याला ते सोनं द्यायला आले. मी घेतलं आणि त्यांच्या पाया पडलो. ते माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहेत. घाबरून म्हणाले, "भगवंतराव, तब्येत ठीक है ना?"

त्या संध्याकाळी वहिनीला सांगितलं. मी जबाब दिला हे तिला माहीत होतं, काय दिला ते नव्हतं. ती भाजी निवडत होती. सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाली, "बाळ्याला मी चार वर्षं कडेवर मिरवला. पाहुण्याला?" मग ताट बाजूला सारून आत गेली. आपल्याला मूल नाही हे तिने इतक्या वर्षांत मला कधी बोलून दाखवलं नव्हतं. त्या दिवशीही नाही दाखवलं. पण मला ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दस्तगीरसाहेबांकडे गेलो. म्हटलं, कागद काढू नका. मी साहेबांपुढे जाऊन पहिला जबाब खोटा होता असं सांगतो. त्यांनी आधी खोलीचं दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "बोलो साब. मगर खाली बोल के क्या होता? कुछ कागज होना." आणि त्यांनी मला दोन दिवसांनी यायला सांगितलं.

शुक्रवारी साहेबांपुढे पेशी झाली. डेप्युटी कलेक्टर नागपूरकडचे आहेत, दोन वर्षांपूर्वी इकडे पाठवलेले. म्हणजे आपण मुलकी की नाही हे ठरवणारा माणूस स्वतः गैरमुलकी. मला अण्णांचा राहणारा साहेब आठवला. पण हा माणूस वाईट नव्हता. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"तेव्हा शपथेवर एक सांगितलंत, आता शपथेवर उलटं सांगता. खोटं कधी बोललात?"

"तेव्हा."

"का?"

"घाबरलो होतो."

"आणि आज खरं बोलताय, हे कशावरून?"

मी तिथे उभा होतो, बावन्न वर्षांचा, एकोणतीस वर्षं सरकारात घालवलेला, आणि माझ्या शब्दाला त्या टेबलावर कवडीची किंमत नव्हती. त्यांनी माझा अपमान केला नाही. बरोबर तेच विचारलं.

तेव्हा दस्तगीरसाहेब पुढे झाले. त्यांनी म्युनिसिपालिटीतल्या आपल्या ओळखीच्या माणसाकडून एका नोंदीची मोहर असलेली नक्कल आणली होती. ती त्यांनी रिवाजाप्रमाणे उभं राहून वाचली. मृत्यूचं रजिस्टर, तीर १३५० फसली, म्हणजे मे एकेचाळीस. 'बालकृष्ण वल्द गणेश राव. उम्र चार साल. मर्ज, मियादी बुखार. साकिन, काचीगुडा, मकान भगवंत राव. इत्तिला देनेवाला, भगवंत राव, बच्चे का मामू.'

ती नोंद मीच केली होती, प्रमिला. गणेशरावांना उभं राहवत नव्हतं. तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. मी एकटा गेलो. तिथल्या कारकुनाने विचारलं, साकिन? म्हणजे राहणार कुठला? मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, काचीगुडा, माझ्या घरचा. तेव्हा मला कोणाची भीती नव्हती.

साहेब म्हणाले, मूल आजारी पडलं म्हणून मामाकडे आणलं असेल. दस्तगीरसाहेब म्हणाले, "मेहमान का साकिन उसके गाँव का लिखते साब. सोलापूर लिखते. इस बच्चे का काचीगुडा लिखा है."

साहेबांनी मान हलवली, पण म्हणाले, ही एका सालची गोष्ट झाली, पंधरा वर्षांचं काय? आणि तेव्हा ज्यांच्याशी तू मला बोलणं सोडायला सांगितलंस ते नामदेवराव दारातून आत आले. मी त्यांना बोलावलं नव्हतं. वहिनीने बोलावलं होतं. शपथ घेऊन म्हणाले, "एकतीस साल से सत्तेचाळीसपर्यंत मी या गणेशरावाशी नळावरून भांडलो साहेब. रोज सकाळी. पाहुण्याशी कोणी सोळा वर्षं भांडतं का?" साहेब हसले. ते हसले तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, काम होईल.

माझा नवा जबाब लिहून झाला. दस्तगीरसाहेबांनीच लिहिला आणि वाचून दाखवला. त्यात त्यांनी घरात राहणाऱ्यांची नावं विचारली होती. मी पाच सांगितली होती. गणेशराव, प्रमिला, भारती, बाळकृष्ण, आणि शेवटी अण्णा. साहेब म्हणाले, मयतांची नावं लागत नाहीत. मी म्हटलं, असू द्या. त्यांनी असू दिली. मग मी दुरुस्त म्हटलं आणि सही केली.

भारतीचा दाखला सोबत पाठवत आहे. मोहर नीट उठली आहे की नाही ते पाहून घे. नेमणूक नारायणगुड्याच्या बाजूच्या शाळेत होईल असं ऐकतो, घरापासून चालत जाण्यासारखी.

माझं म्हणशील तर खोटा जबाब दिल्याचं साहेबांना माझ्या दफ्तराला कळवणं भाग होतं. काल नोटीस आली. पेन्शनीला तीन वर्षं आहेत, ती मिळते की नाही ते बघायचं. वहिनी म्हणते, नाही मिळाली तर पापड लाटू, तुम्ही वाळत घाला. ती माझ्याशी बोलायला लागली आहे, पण अजून 'अहो' म्हणत नाही.

आता तुझं. तुम्ही दोघी इकडे या, हे मी तुला कोणत्या तोंडाने सांगू? रेसिडेन्सीच्या साहेबाला मी जन्मभर हसलो की राहायला न आलेल्याचं नाव राहणारा. आणि जी माणसं माझ्या घरात जन्मली, निजली, मेली, त्यांना मी एका ओळीत न राहणारी केलं. त्याने तरी ते खोटं दुसऱ्याच्या गावात केलं होतं, मी माझ्याच घरात.

नामदेवरावांची पुढची खोली रिकामी आहे. मी त्यांना विचारलं. ते भाडं घेणार नाहीत म्हणतात, फक्त नळावर त्यांचा नंबर पहिला. आमच्या दारचं पाणी प्यायचं नसेल तर त्यांचं दार लागूनच आहे, मधे फक्त कमरेएवढी भिंत आहे. भारतीला शाळेत सोडायला-आणायला मी गल्लीच्या तोंडापर्यंत येईन, तू म्हणालीस तर. वहिनीने मात्र आपल्याकडे माजघर सारवून ठेवलं आहे. तिला मी काही बोलू शकत नाही, आणि तुलाही नाही.

हे पत्र पाकिटात घालण्याआधी वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने दोन ठिकाणी थांबवलं. एके ठिकाणी मी 'नाइलाजाने' असं लिहिलं होतं, ते तिने खोडायला लावलं. दुसऱ्या ठिकाणी बाळ्याचं वय पाच पडलं होतं, ते चार केलं. आता मजकूर बरोबर आहे, म्हणते.

वाचून दाखवलं. ऐकलं. दुरुस्त आहे.

भगवंत

ता. क. खाली 'तुझा दादा' लिहिलेलं नाही, ते विसरून नव्हे. ती जागा तुझ्यासाठी कोरी ठेवली आहे.